परदेशीं गेलेली विद्या आणि गांवची विहीर

वसईच्या माणसानें कामासाठीं घराबाहेर पडणें ही गोष्ट नवी नव्हे. १९३६ सालीं विजेची आगगाडी विरारपर्यंत धावूं लागली आणि सकाळीं मुंबईस जाऊन सायंकाळीं परतणें सोपें झालें. वेतनाबरोबर शहरांत शिकलेलें कसबही रोज घरीं येऊं लागलें. पुढें वसईचे तरुण आखाती देशांत व त्याहूनही दूर गेले. तेथून पैसा येतो. पण विद्येचें काय?

विद्या जितकी पुस्तकांत, तितकीच सहवासांत असते. दोन कारागीर एका छपराखालीं बसले म्हणजे एकाची युक्ति दुसऱ्यास सहज कळते. एक उठून गेला कीं ती वाट तुटते. उलटपक्षीं, गेलेला मनुष्य नव्या विद्येच्या दाराशीं उभा असतो. अगरवाल, कपूर, मॅकहेल आदि अभ्यासकांनीं भारतीय संशोधकांच्या पेटंटांचा अभ्यास करून २०११ सालीं असा निष्कर्ष मांडला, कीं सामान्यतः जवळच्या सोबत्याचा उपयोग दूरच्या देशबांधवापेक्षां अधिक होतो. मात्र अत्यंत महत्त्वाच्या शोधांत परदेशस्थांचें साह्य विशेष मोलाचें ठरतें.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं भारतांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें झालें आणि हें अंतर पुष्कळ कमी झालें. तथापि या मार्गानें काय येतें व काय येत नाहीं, हें वसईच्या विहिरींवरून पाहावें. किनाऱ्यालगतच्या जमिनींत गोडें पाणी हलकें असल्यामुळें खाऱ्या पाण्यावर तरंगतें. गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली, तर खालचें खारें पाणी कालांतरानें सुमारें चाळीस फूट वर सरकतें. हें गणित हॉलंड व जर्मनी येथील शास्त्रज्ञांनीं १९०१ पर्यंतच मांडलें होतें. तरीही वसईंत बेसुमार उपसा झाला आणि किनारपट्टीच्या अनेक विहिरी मचूळ झाल्या.

आज तें गणित घरबसल्या मिळतें. परदेशस्थ अभियंत्याचा सल्लाही क्षणांत मिळूं शकतो. परंतु अमुक विहिरीचें पाणी आज किती खोल आहे व त्यांत मीठ किती, हें दूरच्या विद्वानास कसें कळावें? तें गांवांत राहणाऱ्यानेंच महिनोन्‌महिने मोजून टिपून ठेविलें पाहिजे. तेव्हां कुठें विचारण्याजोगा प्रश्न तयार होतो आणि उत्तराचा उपयोग होतो.

म्हणून जाणाऱ्यास अडविण्यापेक्षां मागें राहणाऱ्यास मोजण्यास व विचारण्यास शिकविणें अधिक अगत्याचें आहे. गेलेल्यांची विद्या परत येण्याची वाट त्याच्याच अंगणांतून जाते.