अडीचशेतली एक, आणि तिचा सुटा भाग

नगरची ओळख वाहनांच्या जगात लूनामुळे झाली. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने पन्नास सीसीची ही मोपेड बाजारात आणली. ती इतकी खपली, की सुटा भाग मिळत नाही म्हणून लूना पडून राहिली, असे सहसा कुठल्या गावात झाले नाही. त्याच कायनेटिकने २०१६ साली इटलीची एमव्ही आगुस्ता भारतात आणली आणि सुटी येणारी मॉडेले नगरला जोडायची योजना आखली. विक्रीच्या यादीत एफ४ आरसी हीदेखील होती. जगभरात मिळून या गाडीच्या फक्त २५० प्रती निघणार होत्या आणि किंमत पन्नास लाखांच्या आसपास होती. ट्रॅकसाठी घडवलेली, मोजक्या संख्येची यंत्रे विकत घेणारा वर्ग नगरमध्येही आहे आणि पुण्यातही. मोटारींबाबत तर तो आणखी मोठा आहे. या वर्गाची निवड बहुधा अश्वशक्ती, वजन आणि एका फेरीला लागणारा वेळ या तीन आकड्यांवर होते. हे आकडे शेवटी पाहावेत. गाडी तिसऱ्या वर्षी कोण उघडणार आणि उघडल्यावर आत घालायला काय मिळणार, हे आधी पाहावे.

आकड्यांवर निर्णय घेऊ नये, याचे पहिले कारण म्हणजे ते एकमेकांच्या फार जवळ असतात. एफ४ आरसी ९९८ सीसीची, चार सिलिंडरची. शर्यतीचा किट बसवला की २१२ अश्वशक्ती आणि सुके वजन १७५ किलो. त्याच काळातली डुकाटी पानिगाले आर दोन सिलिंडरची, ११९८ सीसीची, २०५ अश्वशक्तीची. एप्रिलियाची आरएसव्ही४ आरएफ २०१ अश्वशक्तीची आणि तीही ५०० प्रतींपुरती. इतक्या वरच्या पातळीवर पाच-दहा अश्वशक्तीचा फरक व्यावसायिक शर्यतपटू काढून दाखवेल. महिन्यातून एकदा ट्रॅकवर जाणाऱ्याच्या हातात तो येणार नाही. रूपाच्या बाबतीतही निवड वाटते तितकी सोपी नाही. डुकाटीची १९९४ची ९१६ आणि एमव्हीची १९९७ साली दाखवलेली एफ४, दोन्ही एकाच माणसाच्या हातच्या: मास्सिमो तांबुरिनी. एफ४च्या सीटखालून निघणाऱ्या चार नळ्या आजही नजर खिळवून ठेवतात. तिच्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र बाहेरून दिसतच नाही. तिचा गिअरबॉक्स कॅसेटसारखा बाजूने ओढून काढता येतो, त्यासाठी इंजिन चॅसीतून उतरवावे लागत नाही. ट्रॅक बदलला की गिअरचे प्रमाण बदलावे, हा त्यामागचा विचार. म्हणजे हे यंत्र मुळात वारंवार उघडण्यासाठीच घडवले आहे. उघडणारा हात आणि आत घालायचे गिअर जवळपास नसतील, तर तिचा सर्वांत हुशार भाग वाया जातो.

दुसरी गोष्ट संख्येची. ‘मर्यादित आवृत्ती’ दोन कारणांनी निघते आणि ग्राहकाने ती वेगळी ओळखायला हवीत. जागतिक सुपरबाइक स्पर्धा १९८८ पासून चालू आहे. तिथे उतरणारी गाडी कंपनीने ठरावीक संख्येत सामान्य ग्राहकालाही विकली पाहिजे, असा नियम आहे. त्या नियमासाठी काढलेल्या गाडीत खरे धातुकाम असते: टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, हलका क्रँकशाफ्ट, मॅग्नेशियमचे भाग. डुकाटीच्या पानिगाले व्ही४ आरचे इंजिन रस्त्यावरच्या बहिणीच्या ११०३ सीसीवरून ९९८ वर आणले, ते चार सिलिंडरला १००० सीसीची मर्यादा आहे म्हणून. दुसऱ्या प्रकारात मात्र संघाचे रंग, क्रमांकाची पट्टी आणि प्रमाणपत्र मिळते. एमव्हीच्याच एफ३ ८०० आरसीचे इंजिन मुळात नेहमीच्या एफ३चेच आहे. मी या दुसऱ्या प्रकाराला कमी लेखत नाही. एफ३ ८०० आरसीचे पिस्टन, क्लच, व्हॉल्व्ह साध्या एफ३च्या मालकालाही लागतात, म्हणून ते कुठेतरी बनत राहतात. ट्रॅकवर खरोखर झिजवायची असेल, तर कित्येकांसाठी हीच गाडी अधिक शहाणपणाची ठरेल.

मालकीचा इतिहास पाहिला की सुट्या भागांचा हा मुद्दा पक्का होतो. एमव्ही आगुस्ता १९४५ची कंपनी. जाकोमो आगोस्तिनीच्या १५ जागतिक विजेतेपदांपैकी १३ तिच्यावरची, इतकी तिची परंपरा भक्कम. तरीही २००४च्या अखेरीस मलेशियाच्या प्रोटॉनने तिचा बहुसंख्य हिस्सा घेतला आणि वर्षभरात तो एका युरोला विकून टाकला. २००८ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने ती घेतली, २०१० मध्ये ती पुन्हा कास्तिल्योनी कुटुंबाकडे गेली. नंतर मर्सिडीज-एएमजी आली, मग गुंतवणूकदार सार्दारोव्ह, मग काही काळ केटीएमचा समूह. आपल्याकडचे उदाहरण आणखी बोलके आहे. कोरियाच्या ह्योसंगच्या गाड्या भारतात आधी कायनेटिकने आणल्या, २०११ मध्ये गरवारेंनी, २०१२ पासून डीएसकेने आणि २०१८ मध्ये त्या कायनेटिकच्या मोटोरोयालकडे परतल्या. सगळे व्यवहार महाराष्ट्रातल्याच उद्योगांचे, पण प्रत्येक हस्तांतरात वर्कशॉप बदलते, भागांचा साठा बदलतो, गाडी ओळखणारा मेकॅनिक बदलतो. मोटोरोयालच्या यादीत ब्रिटनची नॉर्टनही होती. ती जानेवारी २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि एप्रिलमध्ये टीव्हीएसने विकत घेतली. यात कुणाच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. छोट्या कारखान्याचे अर्थकारणच असे नाजूक असते आणि त्याचा भार शेवटी गाडीच्या मालकावर येतो.

मोटारींनाही हेच लागू आहे. पुण्याजवळ घडलेली डीसी अवंती २०१२च्या ऑटो एक्स्पोत दिसली. विक्रीच्या गाडीत रेनोचे दोन लिटरचे टर्बो इंजिन असल्याबद्दल काहींनी नाके मुरडली. उसने इंजिन ही माझ्या मते तिची जमेची बाजू होती. अडचण वेगळीच: भारतात खपलेल्या रेनोच्या डस्टरमध्ये ते इंजिन नव्हते. भाग समान असून पुरत नाही, तो इथल्या बाजारात समान असावा लागतो.

मग नगरच्या मालकाचे काय? देशातल्या शर्यतींचे जुने जाणते ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा, कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट. तिन्ही नगरपासून हजार किलोमीटरहून अधिक दूर. नगरमध्ये व्हीआरडीईचा चाचणी ट्रॅक आहे, पण तो संरक्षण खात्याच्या संशोधनासाठी आणि वाहनांच्या प्रमाणीकरणासाठी. हौशी माणसासाठी नव्हे. म्हणजे प्रत्येक ट्रॅक-डेसाठी गाडी ट्रकवर चढणार. तिथे लिव्हर मोडला किंवा क्लच जळला आणि जागेवर भाग मिळाला नाही, तर दोन्ही बाजूंचा प्रवास फुकट. कायद्यानेही पारडे मोठ्या कंपनीकडे झुकवले आहे. मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे प्रत्येक मॉडेल व्हीआरडीई किंवा एआरएआयसारख्या संस्थेकडून प्रमाणित व्हावे लागते आणि दहा गाड्यांसाठी तो खर्च परवडत नाही. २०१८ मध्ये वर्षाला २,५०० वाहनांपर्यंत युरोपीय किंवा जपानी प्रमाणपत्रावर आयातीची सवलत मिळाली, त्यामुळे दुर्मीळ गाडी देशात येणे सोपे झाले. ती आल्यानंतर सांभाळण्याची सोय त्या सवलतीने होत नाही.

यावर पहिला आक्षेप संग्राहकाचा: गाडी पळवायचीच नाही, दिवाणखान्यात ठेवायची, मग सुट्या भागांची चिंता कशाला? पण उभी गाडीही म्हातारी होते. पेट्रोल चिकट होते, सील कडक पडतात, ब्रेकचे तेल ओलावा शोषते, टायर तडकतात. वीस वर्षांनी इंजिन चालू होणारी प्रत आणि न होणारी प्रत यांच्या किमतीत मोठे अंतर पडते, त्यामुळे संग्राहकालाही शेवटी वर्कशॉप लागतेच. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सगळ्यांनी असाच हिशेब केला तर सगळे मोठ्या कंपनीकडे जातील आणि एफ४सारखी वेड लावणारी यंत्रे कुणी बनवणारच नाही. हे मला मान्य आहे, आणि छोट्या कारखान्याची गाडी घेऊच नये असे मी म्हणणार नाही. तिला जिवंत ठेवायचे असेल तर खरेदीच्या दिवशीच तिच्या म्हातारपणाचा खर्च बाजूला काढावा लागतो. क्लच प्लेटांचे दोन संच, लिव्हर, फूटपेग, चेन-स्प्रॉकेट, सील, गॅस्केट, फिल्टर आणि मुख्य म्हणजे वर्कशॉप मॅन्युअल हाताशी हवे. नगरच्या नागापूर एमआयडीसीत बुश, स्पेसर, कंस बनवून देणारे लेथ सापडतील. इंजिनचा इलेक्ट्रॉनिक नकाशा तिथे मिळणार नाही.

म्हणून एफ४ आरसी आणि पानिगाले आर समोरासमोर असतील आणि गाडी ट्रॅकवर नेमाने चालवायची असेल, तर मी पानिगाले निवडेन. डुकाटी २०१५ पासून देशात स्वतः उभी आहे आणि तिच्या साध्या पानिगालेचे मालकही इथे आहेत. मन एमव्हीवरच जडले असेल, तर आरसीऐवजी साधी एफ४ आरआर घ्यावी आणि दोन किमतींमधला फरक भागांवर खर्च करावा. आणि अडीचशेतलीच हवी असेल, तर सौदा करताना क्रमांकाच्या पट्टीआधी त्या गाडीच्या सर्व्हिसच्या पावत्या मागाव्यात.