पेणचा गणपती आणि दिल्लीचा नियम

पनवेल-रोहा मार्गावर हमरापूर, पेण, कासू, नागोठणे आणि मग निडी अशी स्टेशनं लागतात. निडीच्या मुलांना 'संघराज्य' शिकवायचं असेल तर दिल्लीपासून सुरुवात करू नका, हमरापूरच्या गणपती कारखान्यांपासून करा.

मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्ती नकोत अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पेण तालुक्यात घरंच्या घरं या धंद्यावर चालतात. शाडूची मूर्ती जड, वाळायला वेळ घेते, वाहतुकीत फुटते. साहजिकच मुलं विचारतील, "सर, पाणी तर राज्याचा विषय ना?"

बरोबर आहे. पाणी राज्यसूचीत आहे. पण कलम २५२ नुसार दोन किंवा जास्त राज्यांनी ठराव केला तर संसद राज्याच्या विषयावरही कायदा करू शकते. १९७४ चा जलप्रदूषण कायदा तसाच आला. गंमत बघा, महाराष्ट्राने त्याआधीच, १९६९ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता आणि १९७० मध्ये राज्य मंडळही स्थापन झालं होतं. केंद्राचा कायदा आपण १९८१ मध्ये स्वीकारला. (पाठ्यपुस्तकात हे यायला हवं होतं, असं मला वाटतं.) भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण कायदा आला तो मात्र कलम २५३ खाली, म्हणजे आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या निर्णयाच्या आधारावर. तिथे राज्यांचा ठराव लागत नाही.

आता खरी मेख जलप्रदूषण कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे. राज्य मंडळाला केंद्रीय मंडळाचंही ऐकावं लागतं आणि राज्य सरकारचंही. दोघांचे आदेश जुळले नाहीत तर निर्णय केंद्र सरकारचा. धाटावच्या कारखान्यांना संमती देणारं मंडळ ते हेच.

मूर्तींच्या बाबतीत राज्याने राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगामार्फत तज्ज्ञांचा अहवाल घेतला, केंद्रीय मंडळाने त्यावर मत दिलं आणि ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला, विकायला मोकळीक दिली. नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र नाही. मग उंच मूर्तींचं काय? ते धोरण राज्याने ठरवायचं होतं. २४ जुलैला न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितलं, मार्च २०२६ पर्यंत.

वर्गात तीन गट करा: केंद्रीय मंडळ, राज्य सरकार, हमरापूरचे कारखानदार. सात फुटी मूर्ती कुठे विसर्जित करायची ते त्यांनाच ठरवू द्या. कारखानदारांच्या गटात ज्यांच्या घरी हा धंदा आहे अशी दोन मुलं जरूर घ्या.