चौघींची गोधडी

गोधडी म्हणजे जुन्या सुती कपड्यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने एकजीव केलेले अंथरूण-पांघरूण. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. चार पदरांची असेल तर ती चौघडी, आणि तान्ह्या बाळासाठी केलेली लहान, मऊ असेल तर दुपटे. घोंगडी वेगळी: ती लोकरीची, मागावर विणलेली, धनगर-सणगरांच्या हातची. गोधडीला माग लागत नाही, विकतचे कापडही लागत नाही. लागतात ती घरातली जीर्ण वस्त्रे, सुई-दोरा, सपाट जमीन आणि एकाहून अधिक माणसे. या शेवटच्या गोष्टीचा उल्लेख क्वचितच होतो, पण गोधडीचे सारे तंत्र तिच्याभोवतीच उभे आहे.

कापडाचा हिशेब नऊवारी लुगड्यापासून सुरू होतो. नऊ वार म्हणजे २७ फूट. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा होतो आणि पन्हा साधारण चार फुटांचा असतो. एका माणसाला डोक्यापासून पायापर्यंत पुरेल असे हे माप आहे, म्हणजे एका लुगड्यात एक चौघडी बसते. एरवी लुगडे वरच्या आणि खालच्या पदराला वापरतात. आतल्या थरांत धोतर, पटका, विटलेले सदरे, उशांचे अभ्रे, मुलांची आखूड झालेली झबली असे काहीही चालते. इरकली लुगड्याचा लाल पदर किंवा खणाचा तुकडा हाती असेल तर तो हमखास वर येतो. काठ सर्वांत घट्ट विणीचा असल्यामुळे तो कडेला लावतात, कारण गोधडी आधी कडेलाच फाटते.

जुने कापड वापरण्यामागे काटकसर आहेच, पण ते मुळात या कामाला अधिक योग्यही असते. अनेक धुण्यांत त्यातली खळ निघून गेलेली असते, सूत मऊ पडलेले असते आणि आटायचे तेवढे ते आटून झालेले असते. नवे आणि जुने कापड एकत्र शिवले तर पहिल्याच धुण्यात नवे आटते, थर एकमेकांना ओढतात आणि गोधडी वाकडी होते. म्हणून जाणत्या बायका प्रत्येक तुकडा दोन्ही हातांनी ताणून पाहतात. विरलेला भाग आत जातो, त्यावर ठिगळ बसते, आणि दम असलेला भाग वर येतो.

हे काम उन्हाळ्याचे. रब्बीची मळणी उरकलेली असते, मृगाला अवकाश असतो आणि अंगण कोरडे असते. लग्न झालेल्या लेकी याच दिवसांत माहेरी येतात. खानदेशात तर आखाजी हा त्यांच्या माहेरपणाचाच सण. घरात आई, सुना, लेकी, जावा, आत्या आणि सुटीवर आलेली नातवंडे असतात. वर्षभर गाठोड्यात बांधून ठेवलेले कपडे तेव्हा बाहेर निघतात.

अंगण सारवून, वाळवून त्यावर खालचा पदर अंथरतात. चौघी चार कोपरे धरून तो ताणतात आणि कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंटे ठेवतात. मग एकेक थर पसरायचा आणि तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढायच्या. थर नीट बसले नाहीत तर आत गोळा राहतो आणि तो पुढे कायम पाठीला टोचतो. वरचा पदर पडला की मोठ्या, कच्च्या टाक्यांनी सगळे धरून घेतात. मग कडा आत दुमडतात, त्यावर काठाची पट्टी लावतात आणि खरी शिवण सुरू होते.

पारंपरिक शिवण बहुधा कडेकडून मध्याकडे जाते. पहिली ओळ चारही बाजूंनी फिरते, दुसरी तिच्या आत, तिसरी तिच्याही आत, आणि शेवटी मध्ये एक छोटा चौकोन उरतो. या पद्धतीत सैल कापड सरकत सरकत मधोमध जमण्याचा धोका असतो. पण तिचा मोठा फायदा असा, की चारही बाजूंनी एकाच वेळी काम करता येते. लाकडी चौकट नसल्याने बायका गोधडीवरच बसतात. त्यांच्या वजनाने थर दाबले जातात, एक हात खालून कापड सारखे करतो आणि दुसरा सुई चालवतो. एकटी बाई शिवू लागली तर तिला हाच पसारा पुन्हा पुन्हा गुंडाळावा, फिरवावा, ताणावा लागतो. एकटीने शिवलेल्या गोधड्या पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काही अतिशय देखण्याही आहेत, पण त्या जिद्दीने झालेल्या असतात.

श्रम किती, ते साध्या गणिताने कळते. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद गोधडी आणि दोन ओळींत अर्धा इंच अंतर धरले, तर एकूण शिवण सुमारे १९० मीटर भरते. इंचाला दोन टाके म्हटले तरी १५ हजारांच्या आसपास टाके होतात. चौघींत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला पन्नास मीटरही येत नाहीत.

टाके दाट घातले तर गोधडी टिकाऊ पण ताठ होते. विरळ घातले तर थरांमध्ये हवा अडकून ती उबदार राहते, मात्र लवकर उसवते. हे प्रमाण हातावर असते आणि प्रत्येकीचा हात निराळा. जुन्या गोधडीची एक बाजू बारीक, सरळ टाक्यांची आणि दुसरी लांब, तिरक्या टाक्यांची दिसते, ती यामुळेच. तिरकी बाजू बहुधा शिकणाऱ्या पोरीची. असे टाके उसवून पुन्हा घालण्याची रीत नाही, आणि ते योग्यच आहे. नजर कमी झालेल्या आजीला सुईत दोरा ओवून देणे हे मुलांचे काम. शिवण पुढे सरकते तसे बोलणेही चालू राहते: कुणाची सोयरीक जमली, कुणाच्या शेतात पाणी लागले, पुढची गोधडी कुणाची. जुना कपडा हातात आला की तो घालणाऱ्याची आठवण निघते.

नक्षी फारशी नसते. बंगालच्या नक्षी कांथ्यात सुईने चित्रे भरतात. इथे रंगीत चौकोन, त्रिकोण, क्वचित मध्यभागी स्वस्तिक एवढेच. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातल्या सिद्दी स्त्रियाही अशीच कडेकडून आत येणारी गोधडी शिवतात. तिला त्या कवंदी म्हणतात. तिच्या कोपऱ्यांवर घडी घातलेल्या रंगीत तुकड्यांची ‘फुले’ लावल्याशिवाय त्या ती पूर्ण मानत नाहीत. आफ्रिकी वंशाच्या आणि कोकणी बोलणाऱ्या या समाजाच्या हाती गोधडीचे रंग फार मोकळे झाले आहेत.

गोधडी बहुधा कुणासाठी तरी ठरवून शिवली जाते. बाळंतविड्यात झबली-टोपऱ्यांबरोबर आजोळची दुपटी येतात, आणि ती आजीच्या सर्वांत मऊ लुगड्याची असावीत असा आग्रह असतो, कारण तान्ह्याची कातडी नव्या कापडाने लाल होते. लग्नात रुखवतात गोधडी मांडतात. शिकायला शहरात निघालेल्या मुलाच्या वळकटीतही ती असते.

वापरातल्या गोधड्यांचे मोठे धुणे नवरात्राआधी निघते. याला ‘दसरा काढणे’ म्हणतात. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. ती नदीवर सोड्याच्या पाण्यात भिजवून पायांनी तुडवतात, दगडावर धोपटतात, दोघी दोन टोके धरून पिळतात आणि खडकावर वाळत घालतात. फाटलेल्या गोधडीवर नवा पदर चढवून पुन्हा शिवतात. त्यामुळे काही गोधड्यांच्या पोटात दोन-तीन पिढ्यांचे कापड सापडते.

नऊवारी मागे पडली तसे माप बदलले. सहावारी साडीत सहा फुटांचे तीनच तुकडे निघतात. कृत्रिम धाग्याच्या साड्यांचे रंग टिकतात, पण त्या एकमेकींवरून घसरतात आणि घाम शोषत नाहीत. पानिपतच्या गिरण्यांची स्वस्त ब्लँकेटे गावोगाव पोचल्यावर शिवण्याची गरजही घटली. दुसरीकडे गोधडीला अभ्यासक आणि ग्राहक मिळाले. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. बचतगटांच्या आणि शहरी व्यवसायांच्या गोधड्या आता प्रदर्शनांत विकल्या जातात. त्यांतल्या बऱ्याच नव्या कापडाच्या आणि मशीनवर शिवलेल्या असतात. मशीनचा टाका सरळ आणि घट्ट बसतो, थर चपटे होतात आणि हातशिलाईचा मऊ फुगीरपणा जातो. त्यांची किंमत कमी ठेवता येते हे खरे, पण त्या पारंपरिक गोधडीची जागा घेत नाहीत.

घरच्या साड्या पाठवून गोधडी शिवून घेण्याची मागणीही वाढली आहे. आई किंवा आजी गेल्यावर तिच्या साड्या वाटून न टाकता मुला-नातवंडांना प्रत्येकी एक गोधडी करतात. त्यासाठी सुती साड्या वेगळ्या काढाव्या लागतात. रेशमी आणि जरीच्या साड्या घडीवर चिरतात, म्हणून त्या फक्त वरच्या पदरात, खाली सुती अस्तर देऊन लावतात.