सीए तोच, सॉफ्टवेअर नवं!

‘नवं सॉफ्टवेअर घेतलंय. मागच्या वर्षांची रिटर्न्स जरा मेल करता का?’ सीएच्या ऑफिसातून असा मेसेज आला की आपली रिअ‍ॅक्शन ठरलेली. अहो, ती तुमच्याकडेच होती ना!

होती, आणि आहेतही. पण टॅक्सचं सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे बिऱ्हाड हलवणं. फ्रिज, सोफा पहिल्याच फेरीत पोचतात. माळ्यावरची पेटी राहून जाते आणि महत्त्वाचे कागद नेमके तिच्यातच असतात.

सदाशिव पेठेतलं ऑफिस असो की नौपाड्यातलं, सीए मंडळी एकेक रिटर्न पोर्टलवर टाइप करत बसत नाहीत. त्यासाठी विनमॅन, कॉम्प्युटॅक्स, जिनियस अशी खास सॉफ्टवेअर असतात. क्लायंटची माहिती त्यात साठते, हिशेब तिथेच होतो आणि तयार फाइल आयकर खात्याच्या पोर्टलवर चढते.

मग चाललेलं बदलायचं कशाला? कुणाला घरूनही काम करता यायला हवं असतं, कुणाला रिन्यूअलचा खर्च खुपतो. त्यात १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५चा नवा आयकर कायदा लागू, तर त्याआधीच्या उत्पन्नाला १९६१चाच. म्हणजे दोन्ही कायदे सांभाळणारं सॉफ्टवेअर हवं.

नाव, पॅन, जन्मतारीख एक्सेलमधून झटकन आत येतात. गोची होते ती मागच्या बाकीची. समजा, मार्च २०२०च्या पडझडीत तुम्ही घाबरून शेअर्स विकले आणि ८० हजारांचा अल्पमुदतीचा तोटा झाला. रिटर्न वेळेत भरलं असेल तर हा तोटा पुढची आठ वर्षं, म्हणजे मार्च २०२८पर्यंतच्या नफ्यातून वजा करता येतो. शेअर्सच्या अशा नफ्यावर जुलै २०२४पासून २० टक्के कर आहे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा आलाच नाही, तर सेस सोडून १६ हजारांचा फटका! आणि सॉफ्टवेअर ओरडणार नाही. त्याच्या लेखी तुम्हाला कधी तोटा झालेलाच नाही.

तुम्ही स्वतः सीए फर्ममध्ये असाल तर

* बदल जुलैत नको. पगारदारांची नेहमीची डेडलाइन ३१ जुलै. तेव्हा नवे मेन्यू शिकायला कुणाला वेळ आहे?
* सगळे क्लायंट एकदम हलवू नका. मागच्या वर्षीची दहा-पंधरा किचकट रिटर्न्स निवडा. शेअर्स, दोन घरं, परदेशी कंपनीचे स्टॉक, असं सगळं त्यात येऊ द्या. ती नव्यात पुन्हा करा आणि कर रुपयापर्यंत जुळतोय का बघा.
* मागचा तोटा आणि धंदेवाल्यांच्या घसाऱ्याची शिल्लक आर्टिकलच्या मुलांनी भरावी, पण दुसऱ्या कुणीतरी तपासावी.
* जुनं सॉफ्टवेअर एका मशिनवर राहू द्या. २०२५च्या बजेटनंतर अपडेटेड रिटर्न चार वर्षांपर्यंत भरता येतं. जुना हिशेब कधीही उघडावा लागेल.

आणि क्लायंट असाल तर

* पोर्टलवर लॉगिन करून भरलेली जुनी रिटर्न्स डाउनलोड करून ठेवा. पाच मिनिटांचं काम!
* शेअर्सचा व्यवहार असेल तर रिटर्नमध्ये ‘शेड्यूल सीएफएल’ शोधा. पुढे ओढलेला तोटा तिथेच दिसतो. मागच्या वर्षीचा आकडा यंदाच्या ड्राफ्टमध्ये आलाय का, ते सबमिट करण्याआधी बघा.
* रिफंडचं बँक खातं बरोबर आहे ना, एवढं विचाराच.
* रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा. ते सॉफ्टवेअर कुठलंही असलं तरी चुकत नाही.

सीएला हे प्रश्न विचारायला संकोच कसला? नव्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या वर्षी ड्राफ्टवर दोन डोळे जास्त फिरले, तर ते त्यांनाही हवेच असतात. तेव्हा यंदा ड्राफ्टची पीडीएफ आली की लगेच ‘ओके सर’ टाइप करू नका. आधी फाइल उघडा!