फ्रँचायझीचा दावा कोणत्या गावी चालणार?

आपल्या पवई परिसरात कुरिअर, संगणकवर्ग, खाद्यपदार्थांची दुकाने असे अनेक व्यवसाय फ्रँचायझी पद्धतीने चालतात. नाव कंपनीचे, भांडवल व मेहनत आपली. आपले सुशिक्षित तरुण या व्यवसायांकडे वळत आहेत, ही समाधानाची बाब आहे. तथापि वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातून अनामत रक्कम भरताना करारातील एक ओळ बहुधा न वाचताच सही होते. ‘या करारातील वाद अमुक शहरातील न्यायालयातच चालतील,’ ही ती ओळ. तिचे महत्त्व आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

अशी ओळ करारात नसेल तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम २० लागू होते. प्रतिवादी जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, अथवा दाव्याचे कारण पूर्णतः किंवा अंशतः जेथे घडले तेथे दावा लावता येतो. दुकान पवईत, माल पवईत आला, नुकसानही येथेच झाले. म्हणजे दावा मुंबईत लावता येतो.

ओळ असेल तर चित्र पालटते. १९७१ साली हाकम सिंग विरुद्ध गॅमन इंडिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दोन न्यायालयांना अधिकार असताना त्यांपैकी एकच निवडण्याचा करार वैध आहे. ठेकेदाराने वाराणसीत अर्ज केला होता. करारात मुंबई होती. मुंबईच कायम राहिली. ‘फक्त’ हा शब्द नाही म्हणून सुटका होईल, असेही समजू नये. २०१३ च्या स्वस्तिक गॅसेस विरुद्ध इंडियन ऑइल या खटल्यात करारात केवळ कोलकात्याचा उल्लेख होता, तरी जयपूरच्या एजंटाला राजस्थानात दाद मिळाली नाही.

मात्र मुळात ज्या न्यायालयाला अधिकारच नाही, त्याला तो करारानेही देता येत नाही. पटेल रोडवेज खटल्यात (१९९१) मुख्य कचेरी मुंबईत म्हणून करारात मुंबई लिहिली होती. परंतु दाव्याचे कारण जेथे घडले तेथेच कंपनीची शाखा होती. सबब मुंबईचे कलम टिकले नाही.

लवादाचे कलम असल्यास अधिक सावध राहावे. तेथे लवादाचे ‘स्थान’ कोणते, यावर सारे अवलंबून असते. इंडस मोबाइल विरुद्ध डेटाविंड (२०१७) या खटल्यात विक्रेता चेन्नईचा होता व माल दिल्लीहून जात होता. तरीही लवादाचे स्थान मुंबई ठरले असल्याने सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच न्यायालयांना अधिकार असल्याचा निर्णय दिला.

समजा, करारात दिल्ली लिहिली आहे व अनामत दोन लाखांची अडकली आहे. प्रत्येक तारखेला गाडीभाडे, तेथील वकिलांची फी आणि त्या दिवशी बंद राहणारे दुकान! हिशोब मांडला तर माणूस हक्काचे पैसे सोडून देतो. कायदा त्याच्या बाजूने असूनही तो हरतो.

२०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्यात फ्रँचायझी करारांचा स्पष्ट उल्लेख आहे. तीन लाख व त्यावरील रकमेचे असे दावे वाणिज्य न्यायालयात चालतात. तातडीचा मनाईहुकूम मागायचा नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न करणे सक्तीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पाटील ऑटोमेशन खटल्यात हे स्पष्ट केले.

म्हणून आमची तरुण बंधू-भगिनींना कळकळीची विनंती आहे. सही करण्यापूर्वी ‘न्यायक्षेत्र’ व ‘लवाद’ ही दोन कलमे शोधावीत आणि तेथे मुंबई लिहून देण्याची लेखी मागणी करावी. कंपनीने नकार दिला, तर त्या गावी जाण्याचा खर्च धरूनच व्यवहाराचा विचार करावा. कराराची सही-शिक्क्याची प्रत व पैसे भरल्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. वकिलाचा सल्ला सही करण्यापूर्वी घेतला तर तो स्वस्त पडतो. सही झाल्यानंतर तोच महाग पडतो.