जुनी धास्ती, नवा संसार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नाला जेमतेम आठ महिने झालेले एक जोडपे माझ्या दवाखान्यात आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) सोबत सासूबाई होत्या. तक्रारही त्यांनीच सांगितली. "सून रात्रीची झोपत नाही डॉक्टर. दचकून उठते. नवऱ्यानं नुसता खांद्यावर हात ठेवला तरी अंग चोरते. बाहेरचं काही असेल म्हणून एका ठिकाणी दाखवून आलो, पण गुण नाही."

मी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला. अंगात रक्त थोडे कमी वाटले म्हणून लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक लिहून दिले. "नवीन घर आहे, रुळेल. एखादं मूल झालं की सगळं ठीक होईल," असे सांगून मोकळा झालो. हा सल्ला साफ चुकीचा होता. ते कबूल करूनच आजचा लेख लिहायला घेतला आहे.

दीड महिन्याने मंडळी परत आली तेव्हा मुलीची बॅग भरून झाली होती. तिला माहेरी पोचवून यायचे ठरले होते. "जाण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवू," एवढाच नवऱ्याचा आग्रह. या खेपेस मी दोघांना बाहेर बाकावर बसवले, सिस्टरना आत थांबवून घेतले आणि मुलीला विचारले, "भीती नेमकी केव्हा वाटते?" बराच वेळ ती पदराचे टोक पिळत बसली. मग हळूच म्हणाली, "कडी लावल्याचा आवाज झाला की."

तिचे वडील दारू पिऊन रात्री घरी येत. शेजारी सोडवायला येऊ नयेत म्हणून आधी दाराला आतून कडी घालत आणि मग आईला व मुलांना मारत. सहाव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत तिने हे भोगले. पुढे वडील वारले. नवरा मिळाला तो शांत, निर्व्यसनी. तरीही रात्री खोलीची कडी वाजली की हिच्या पोटात गोळा येई, हातपाय गार पडत, घसा आवळला जाई. "हे वाईट नाहीत, डॉक्टर. मला कळतं. पण अंग ऐकत नाही."

वाचकहो, 'अंग ऐकत नाही' या तीन शब्दांत या दुखण्याचे सारे शास्त्र आले.

आपल्या मेंदूत अमिग्डाला नावाचे, बदामाच्या आकाराचे एक केंद्र आहे. संकटाची चाहूल घेणे आणि शरीराला सावध करणे हे त्याचे एक मुख्य काम. ते जागे झाले की अॅड्रिनलिन रक्तात उतरते, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. माणूस लढतो, पळतो किंवा जागच्या जागी थिजतो. लहान मुलाला लढताही येत नाही, पळताही येत नाही. ते थिजते. असे वारंवार घडले की मेंदू त्या प्रसंगाभोवतीचे आवाज, वास, अंधार हे सगळे 'धोका' म्हणून नोंदवून ठेवतो. पुढे धोका टळतो, तरी ही नोंद आपोआप पुसली जात नाही. विचार करणारे मन 'आता काही भय नाही' असे म्हणेपर्यंत शरीराने घंटा वाजवलेली असते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरात भूकंप झाला. त्यानंतर कित्येक माणसे घरात झोपायला धजत नव्हती. ज्या छताने सांभाळायचे तेच अंगावर आले होते. अशा माणसाला आपण भित्रा म्हणत नाही. मग ज्याला स्वतःच्याच माणसाने मारले, फसवले किंवा लहानपणी नको तिथे हात लावला, त्याला आपल्या माणसांच्या जवळिकीची धास्ती वाटली तर नवल काय? त्याचेही छतच कोसळलेले असते.

अशा मोठ्या मानसिक आघातानंतर महिन्याहून अधिक काळ त्रास देणाऱ्या एका आजाराला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली त्याला आपल्या आजारांच्या यादीत स्थान दिले. आघात सोसलेल्या प्रत्येकालाच तो होतो असे नाही. मात्र पुढील गोष्टी दिसल्या तर दुर्लक्ष करू नये : वाईट स्वप्ने, किरकोळ आवाजाने दचकणे, जुना प्रसंग पुन्हा घडतो आहे असे वाटणे, त्याची आठवण देणाऱ्या जागा व माणसे टाळणे, मन बधिर होणे. संसारात हीच धास्ती वेगळी रूपे घेते. कोणी स्पर्श टाळतो. कोणी प्रेमाचे दोन शब्द ऐकले की उगाच भांडण काढतो. कोणी जोडीदार सोडून जाईल या भीतीने त्याच्यावर पाळत ठेवतो. पुरुषांतही हे असते. 'तो अबोलच आहे' किंवा 'फार तापट आहे' या शिक्क्याखाली ते झाकून जाते, इतकेच.

यावर उपाय आहे का? आहे. पहिली पायरी सुरक्षिततेची. आज घरात खरोखरच मारहाण होत असेल, तर ती भीती आजार नव्हे, ती योग्य आहे. तिथे सहन करण्याचा सल्ला कोणी देऊ नये. अशा स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे आणि १८१ या क्रमांकावर मदत मागता येते.

घर सुरक्षित असेल, तर दुसरी पायरी समुपदेशनाची. तज्ज्ञ व्यक्ती रुग्णाला झेपेल तेवढेच, त्याच्या गतीने, त्या आठवणींकडे पाहायला शिकवते. टाळल्याने धास्ती तात्पुरती उतरते, पण आत घट्ट होत जाते. सुरक्षित जागी थोडे थोडे सामोरे गेल्याने मेंदूला नवी नोंद मिळते. काहींना औषधेही लागतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. झोपेच्या गोळ्या मनाने आणून घेणे धोक्याचे, त्यांची सवय लागते. दारूने तर जखम अधिकच चिघळते.

तिसरी पायरी जोडीदाराची. मी त्या नवऱ्याला आत बोलावून, मुलीच्या संमतीने, सारे सांगितले. तो खाली मान घालून म्हणाला, "मला वाटायचं, हिला मी पसंतच नाही." आठ महिने दोघेही आपापल्या जागी कुढत होती. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. न विचारता स्पर्श करायचा नाही. ती 'नको' म्हणाली तर रुसायचे नाही. आणि खोलीची कडी यापुढे तिनेच लावायची, तिला वाटेल तेव्हा.

सासूबाईंशी बोलायला वेळ लागला. मुलीने परवानगी दिली होती तेवढेच मी सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग मुलाला म्हणाल्या, "बॅग घरी घेऊन चल."

जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे तिचे उपचार सुरू झाले. रोज जेवणानंतर दोघे ओट्यावर बसत, नुसत्या गप्पा मारत. पहिले काही आठवडे ती दार नुसते लोटून घेई. मध्येच एका लग्नात दारू प्यालेला पाहुणा ओरडला आणि पुन्हा चार रात्री झोप उडाली. असे होते. ताप उतरतानाही मध्ये एकदा चढतो, म्हणून कोणी औषध सोडत नाही. सावरायला त्यांना वर्षभर लागले. परवा ती सर्दीच्या औषधासाठी आली होती. मी सहज विचारले तर हसून म्हणाली, "कडी मीच लावते. कधी कधी लावायची विसरूनही जाते."

आपल्या घरात कोणाला असा त्रास असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात जावे. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येते. आणि 'मूल झालं की ठीक होईल' असे कोणी सांगितले, मग तो सांगणारा डॉक्टर का असेना, तर त्याला माझी ही चूक जरूर सांगावी.