सैराट, धडक आणि आपण



मागच्या विकांताला ऑफिसातले चार मित्र आमच्याकडे जेवायला होते. जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे गाडी सिनेमावर आली. लखनौचा एकजण म्हणाला, "धडक तसा बरा होता, पण शेवटी तो भाऊ असं का करतो, तेच कळलं नाही." मला आधी रागच आला. मग लक्षात आलं, बिचाऱ्याने 'सैराट' पाहिलाच नाहीये.

थोडी उजळणी. नागराज मंजुळेंचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. बजेट साधारण ४ कोटी, नायक-नायिका दोघंही नवखे, रिंकू राजगुरू तर अकलूजची शाळकरी मुलगी. १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट. २०१८ मध्ये धर्मा प्रॉडक्शन्सने त्याचा 'धडक' केला. करमाळ्याच्या जागी उदयपूर आलं, हैदराबादच्या जागी कोलकाता. संगीत पुन्हा अजय-अतुलचंच, 'झिंगाट' हिंदीत.

आपल्या धंद्याच्या भाषेत हे पोर्टिंग. स्क्रीन्स चकचकीत झाल्या, पण खालची ऑपरेटिंग सिस्टिम मागेच राहिली. ती म्हणजे जात. सैराटमध्ये परश्या पारधी समाजातला, आर्ची पाटलांची. परश्याचा बाप पंचायतीसमोर स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतो. एवढं पाहिल्यावर शेवटी "का?" असं कोणी विचारत नाही. धडकमध्ये जात ओझरती येऊन जाते, भर असतो तो मुलीच्या बापाच्या राजकारणावर आणि इभ्रतीवर. शेवटही बदलला. सैराटमध्ये दोघंही मारली जातात, उरतं ते लहान पोर, आणि पडद्यावर आवाज नाही. धडकमध्ये नायिका जिवंत राहते.

पैसा वाईट असं मी म्हणत नाही. झी तर दोन्ही चित्रपटांमागे होतं. शिवाय त्याच धर्माने २०२५ मध्ये 'धडक २' काढला, मारी सेल्वराजच्या 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) या तमिळ चित्रपटावरून, आणि त्यात जातीबद्दल उघड बोललं गेलं. म्हणजे रिमेकमध्ये हे जमतच नाही असं नाही. जमवायचं की नाही, हे कोणीतरी ठरवतं. मंजुळे स्वतः करमाळा तालुक्यातले. त्यांना ती गोष्ट वगळून सिनेमा करताच आला नसता.

आता स्टुडिओला नावं ठेवणं सोपं आहे. पण आपलं काय? सैराट आम्ही इथे थिएटरात पाहिला. बाहेर पार्किंगमध्ये कोणीच बोलेना. शेवटी एकजण म्हणाला, "हल्ली असं कुठे होतं?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. त्याच वर्षी मंडळाच्या गणपतीत झिंगाटवर दोनदा नाचलो.

खरं सांगायचं तर माझ्या लग्नाच्या वेळी आईने स्थळांची यादी केली होती, ती एकाच जातीतली. मला ते दिसलं होतं. "राहू दे, कशाला वाद" म्हणून गप्प बसलो. म्हणजे जे अवघड तेवढं वगळून गाणी ठेवायची, हा रिमेक मी धडकच्या कितीतरी आधी केला होता.

असो. लखनौच्या मित्राला शनिवारी सबटायटल्ससकट सैराट दाखवणार आहे. नंतर तो जे विचारेल, त्याला या वेळी नीट उत्तर द्यायचं ठरवलंय.

चूभूद्याघ्या.